राइटबंधूंच्या धावपट्टीवरची शांतता

शनिवारी पुण्याहून आलेल्या भाच्याला कॉलेज पार्क विमानतळ दाखवला. "मामा, इथे विमानं इतकी कमी का?"

मेरीलँडमधला हा विमानतळ १९०९ पासून अखंड सुरू आहे. विल्बर राइट यांनी लष्करी अधिकाऱ्यांना इथेच विमान चालवायला शिकवलं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर वॉशिंग्टनभोवतीच्या आकाशावर कडक निर्बंध आले. २००९ मध्ये ते कायमचे झाले.

आज सुमारे ३० सागरी मैलांच्या, म्हणजे ५५ किलोमीटरच्या त्रिज्येत शिरायला आधी फ्लाइट प्लॅन, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) स्वतंत्र कोड आणि कंट्रोलरशी रेडिओ संपर्क लागतो.

कॉलेज पार्क त्याहून कडक अशा आतल्या वर्तुळात येतो. तिथे उतरण्याआधी वैमानिकाला बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि स्वतःचा पिन नंबर लागतो.

मी हे सगळं केलंय. अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. म्हणून सहज चक्कर मारायला येणारे वैमानिक दुसरीकडे उतरतात. पाहुणी विमानं घटली की इंधनविक्री घटते, आणि लहान विमानतळांना त्या कमाईचा मोठा आधार असतो.

सुरक्षा हवीच. पण हे विमानतळही टिकायला हवेत, कारण नवे वैमानिक अशाच धावपट्ट्यांवर घडतात.