खेळाडूची कमाई : तीन महिन्यांचा हंगाम, तीस वर्षांचा संसार

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे एखादा ऐतिहासिक विषय द्यावा अशीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु गेल्या काही वर्षांत खानदेशातील शाळांच्या मैदानांवर जे घडताना आम्ही पाहत आहोत, त्याविषयी लिहिणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते. आपल्या वसतिगृहातील मुले-मुली आज कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे यांत चमकत आहेत. त्यांपैकी काहींच्या हाती विसाव्या-बाविसाव्या वर्षी एवढा पैसा येतो, की त्यांच्या आईवडिलांनी तो जन्मात एकरकमी पाहिलेला नसतो. तो मिळवावा कसा हे शिकविणारे प्रशिक्षक आहेत. तो राखावा कसा हे शिकविणारे कोणी नाही. ही उणीव आमच्याही पदरी आहे, म्हणून आरंभी एक कबुली देतो.

आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो तेथील एक विद्यार्थी चढाईत फार तरबेज होता. पांझराकाठच्या एका गावातील शेतमजुराचा मुलगा. व्यावसायिक लीगमधील एका संघाने त्याला करारबद्ध केले, तेव्हा गावाने वाजतगाजत मिरवणूक काढली. आम्हीही शाळेत सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ दिले, आणि भाषणाच्या शेवटी ‘माजी विद्यार्थ्याने शाळेला एक कबड्डीची मॅट भेट द्यावी’ असे जाहीरपणे सुचविले. टाळ्या पडल्या. मुलगा संकोचून हसला आणि त्याने ते मान्य केले. त्याच महिन्यात गावच्या उत्सवाची वर्गणी, चुलत्याची उसनवारी, बहिणीच्या लग्नाची बोलणी आणि हप्त्यावरची चारचाकी गाडी हे सर्व त्याच पैशांवर येऊन पडले. दुसऱ्या हंगामापूर्वी सरावात त्याचा गुडघा गेला. पुढच्या लिलावात त्याचे नाव कोणी पुकारले नाही. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, “गुरुजी, गाडी दारशी उभी शे, पन पोऱ्या घरमा बठेल शे.” त्या दिवसापासून आम्ही कोणत्याही खेळाडूच्या सत्कारात देणगीचा शब्द काढलेला नाही.

इतिहास काय सांगतो

खेळातील पराक्रम आणि खेळाडूचे पोट यांचे नाते आपल्याकडे फार जुने आणि फार कडवट आहे. पळवणकर बाळू यांनी पुण्यात युरोपियनांच्या क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याच्या कामावर आरंभ केला, तेव्हा त्यांना महिन्याला अवघे चार रुपये मिळत. याच गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता. पण ते कसब पैशांत मोजून देणारी व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

दुसरे उदाहरण खाशाबा जाधव यांचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. परतल्यावर मिरवणूक निघाली, बैलगाड्या सजल्या. पण खाशाबांनी लक्ष दिले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. कुस्त्या लढून पैसे उभे करून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले. पदकाचा सोहळा अजून ताजा असताना ज्याला कर्जाची आठवण राहते, त्याला पैशाची समज आहे असे आम्ही मानतो. पुढे १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, म्हणजे खेळातील कीर्तीचे त्यांनी स्थिर वेतनात रूपांतर केले. एवढे करूनही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि १९८४ साली अपघाती मृत्यू आला. शहाणपण असूनही व्यवस्थेने साथ दिली नाही तर काय होते, हेही या चरित्रातून शिकावे.

आपल्या जवळचे उदाहरण चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांचे. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली आणि नंतर शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्त केले. जत्रेच्या फडातील इनाम आज असते, उद्या नसते. खुराकाचा खर्च मात्र रोजचा असतो. दूध, तूप, बदाम थांबत नाहीत. म्हणून जुन्या मल्लांना नोकरीचे मोल कळत असे.

आजचा पैसा आणि त्याचे स्वरूप

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ च्या लिलावात एका खेळाडूवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. वृत्तपत्रे हाच आकडा छापतात. परंतु २०२३ आणि २०२४ च्या लिलावांत गटवार मूळ किंमत अ गटाला ३० लाख, ब गटाला २० लाख, क गटाला १३ लाख आणि ड गटाला ९ लाख रुपये होती, हे फारसे कोणी वाचत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगचे मानधन तर याहून पुष्कळ कमी. जानेवारी २०२५ मध्ये भारताने पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत खो-खोचा विश्वचषक जिंकला. दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच खेळाडूंकडे होते. तरीही खो-खोपटूचे घर केवळ लीगच्या मानधनावर चालेल, असा समज कोणी करून घेऊ नये.

या कमाईची तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत. ती एकदम येते, ती थोडा काळ येते, आणि ती शरीरावर अवलंबून असते. शिक्षकाचे वेतन वयाबरोबर वाढते; खेळाडूचे तिशीनंतर घटते किंवा थांबते. म्हणून ९ लाखांचा करार झालेल्या मुलाने ‘मला तीन महिन्यांचे नऊ लाख मिळाले’ असे म्हणू नये. ‘मला तीन वर्षांसाठी दरमहा पंचवीस हजार मिळाले’ असे म्हणावे. हिशेब तोच आहे, पण दुसऱ्या वाक्याने माणसाचे पाय जमिनीवर राहतात.

ही अडचण केवळ गरिबांची आहे असेही नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लक्षावधी डॉलर मिळविणाऱ्या त्या खेळाडूंपैकी सुमारे १६ टक्के निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत दिवाळखोरीत गेले. आणि ज्यांनी अधिक कमावले तेही त्यातून सुटले नाहीत. तेव्हा पैसा कमी पडला म्हणून नव्हे, तर त्याची व्यवस्था नव्हती म्हणून ते बुडाले असे म्हणावे लागते.

आधी कर, मग खर्च

करारातील रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांत फरक असतो. मानधन देताना सर्वसाधारणपणे १० टक्के कर आधीच कापला जातो. ९ लाखांतून ९० हजार कापले गेले, तर खात्यात ८ लाख १० हजार येतात. ज्याचे एकूण उत्पन्न एवढेच आहे, त्याला २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर लागत नाही. पण विवरणपत्र भरले तरच ते ९० हजार परत मिळतात. न भरणारा मुलगा आपल्या हाताने वर्षाचा खुराक सोडून देतो.

उलट ३० लाख मिळविणाऱ्याचे पाहू. १० टक्क्यांप्रमाणे ३ लाख कापले जातात, पण त्याच प्रणालीच्या दरांनी, इतर उत्पन्न वा खर्च न धरता, उपकरासह कर होतो ४ लाख ९९ हजार २०० रुपये. म्हणजे सुमारे दोन लाख अजून द्यावयाचे असतात, आणि तेही जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ. खात्यात दिसणारे सगळे पैसे आपले समजून ज्याने ते खर्च केले, त्याला नोटीस येते तेव्हा तो गांगरतो. करारावर सही होताच सनदी लेखापालाकडे जावे. त्याचे शुल्क हा खर्च नव्हे, कुंपण आहे.

चार वाटे

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग आपल्या उद्योगात, आणि चौथा आपत्तीसाठी राखून. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या खेळाडूस तंतोतंत लागू पडते. ९ लाखांचे उदाहरण घेऊ.

पहिला वाटा सव्वादोन लाखांचा. यात स्वतःचे व घरचे वर्षभराचे भागवावे. महिन्याला १८ हजार ७५० रुपये पडतात. घरच्यांना मदत जरूर करावी, पण ती दरमहा ठरलेल्या रकमेने. एकदा मोठी रक्कम दिली की मागणी तेवढ्याचीच होत राहते. ठरलेली रक्कम दिली की घरालाही शिस्त लागते.

दुसरा आणि तिसरा वाटा मिळून साडेचार लाखांचे. हे उद्योगात. खेळाडूचा उद्योग म्हणजे त्याचे शरीर आणि त्याच्या पुढील आयुष्याची तयारी. आहार, व्यायामोपचार, आरोग्य विमा, अर्धवट राहिलेली पदवी, प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम यांवर हा पैसा लागावा. उरलेला दीर्घ मुदतीत गुंतवावा. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते टपाल कार्यालयातही उघडता येते. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची. बाविसाव्या वर्षी ठेवलेले एक लाख रुपये सात टक्के चक्रवाढीने वाढत राहिले, तर बावन्नाव्या वर्षी सुमारे साडेसात लाख होतात. त्याच एक लाखाची दुचाकी तोवर भंगारात गेलेली असते.

चौथा सव्वादोन लाखांचा वाटा संकटासाठी. तो बँकेत मुदत ठेवीत असावा आणि मोडावयास सोपा असावा. येथे खानदेशातील आम्हा सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगणे अवश्य आहे. जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थांत ठेवलेले पैसे अडकून पडल्याने आपल्या भागातील कित्येक कुटुंबे हवालदिल झाली. बँकेतील ठेवींना २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. दोन टक्के जादा व्याजापायी मुद्दल धोक्यात घालू नये. जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती मोठी आहे आणि सोन्यावर आपल्या लोकांचा भरवसाही मोठा. पण दागिना मोडताना घडणावळ बुडते, हेही लक्षात असू द्यावे.

गळती आणि जोडीदार

पाण्याच्या तळ्याला येणाऱ्या वाटा बंद आणि जाणाऱ्या वाटा उघड्या असतील तर ते कोरडे पडते, हा दृष्टान्तही बुद्धवचनांत आहे. व्यसन, जुगार आणि वाईट संगत या त्या वाटा. आज जुगार मोबाइलमधून येतो. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केंद्राने २०२५ साली केला खरा, पण कायद्याने दार बंद केले तरी खिडकी शोधणारे असतातच. ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारा मित्र, कोऱ्या धनादेशावर सही मागणारा नातेवाईक आणि करार न वाचता सही करावयास लावणारा मध्यस्थ यांच्यापासून सावध असावे. करारात दुखापत झाली तर मानधन मिळणार की नाही, उपचाराचा खर्च कोणाचा, रक्कम किती हप्त्यांत येणार, एवढे तीन प्रश्न तरी विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

नोकरीचा विचार आरंभापासून असावा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मात्र त्यासाठी अधिकृत संघटनांच्या मान्य स्पर्धांतील प्रावीण्य विचारात घेतले जाते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. तेव्हा शालेय व राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूरचे नेमबाज स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत नोकरी करतच त्या पदकापर्यंत पोहोचले.

शाळेने काय करावे

आमची सूचना साधी आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेच्या नियमांनुसार बचत खाते स्वतः चालविता येते. वसतिगृहातील प्रत्येक खेळाडूचे खाते उघडावे आणि स्पर्धेत मिळालेले पाचशे रुपयेही त्यात भरावयास लावावेत. महिन्यातून एक तास मैदानाऐवजी फळ्यासमोर ठेवावा. व्याज, कर, विमा आणि करार हे चार धडे त्या तासात पुरेसे आहेत. खेलो इंडियाच्या शिष्यवृत्तीत निवडल्या गेलेल्या खेळाडूला वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चासाठी मिळतात. असा विद्यार्थी आपल्यात असेल तर त्याचा जमाखर्च त्यानेच लिहावा आणि गुरुजींनी तपासावा. आणि माजी खेळाडू सत्काराला आला, तर त्याच्याकडे काही मागू नये. त्याने काय शिल्लक टाकली एवढेच आपुलकीने विचारावे.

तो गुडघा गेलेला मुलगा आज धुळ्यात एका व्यायामशाळेत मुलांना शिकवतो. गाडी त्याने विकली, हप्ते फिटले. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, “सर, मॅटचे राहून गेले.” आम्ही त्याला म्हणालो, “बाळा, ती मागणी आमची चूक होती. तू आधी पदवी पुरी कर.” यंदा तो शेवटच्या वर्षाला बसला आहे.