नगरचे स्टेशन व अहिल्याबाईंचे नाव

नगरच्या रेल्वे स्टेशनावर सन 2025 मध्ये 'अहिल्यानगर' ही अक्षरे आली. नावाविषयी जो वाद व्हावयाचा तो होऊन गेला. त्यात पुन्हा शिरण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. परंतु त्या पाटीखालून जो उतारू रोज जातो-येतो, त्याची सोय काय, हा प्रश्न मात्र आमच्या व्यापारी व नोकरदार वाचकांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

हे स्टेशन ज्या दौंड-मनमाड मार्गावर आहे, तो मार्ग सन 1878 मध्ये खुला झाला. दौंडास पुण्याहून रायचूरकडे जाणारा रस्ता व मनमाडास मुंबईहून भुसावळकडे जाणारा रस्ता, या दोन थोरल्या मार्गांस जोडणारी ही सुमारे 145 मैलांची मधली दांडी होय. तिच्या कामास सन 1876-78 च्या दुष्काळातील उपाशी माणसांचे हात लागले, हे आज किती नगरकरांस ठाऊक आहे? त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामकऱ्याचा रोजचा शिधा एक पौंड धान्यावर आणला, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी सरकारी कामे सोडली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. रुळांखालची खडी अशा दिवसांतली आहे.

मार्ग आखताना दृष्टी दोन टोकांवर होती. नगर हे वाटेवरचे ठिकाण ठरले. म्हणून स्टेशन शहराच्या दक्षिणेस, माळीवाडा वेशीपासून दूर पडले. उलट बेलापूरच्या स्टेशनाची मौज पाहा: मूळ गाव बाजूस राहिले व स्टेशनाभोवती श्रीरामपूरची पेठ उभी राहिली. रूळ जेथे थांबतात तेथे बाजार जमतो, हे व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे!

पुण्यास जाणाऱ्यास रस्त्याने सुमारे 120 किलोमीटर पडतात, रेल्वेने दौंडावरून सुमारे 160. त्यातही दौंडास इंजिन काढून दुसऱ्या टोकास लावण्याचा खोळंबा अनेक वर्षे होता. तेथे जोडमार्ग झाल्यापासून तो पुष्कळ गाड्यांपुरता टळला आहे. ही सबब गेली असता, नगरहून सकाळी निघून कचेरीच्या वेळेस पुण्यास पोचणारी व सायंकाळी परतणारी स्वस्त गाडी मागण्यास नगरकरांनी संकोच का करावा?

नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग सन 1995 मध्ये मंजूर झाला. त्यातील आष्टीपर्यंतच्या 66 किलोमीटरांवर गाडी धावावयास सप्टेंबर 2022 उजाडले. बीडास ती सप्टेंबर 2025 मध्ये पोचली. दुष्काळी मजुरीच्या वेगाशी ही तुलना आम्ही करणार नाही, कारण तो वेग भुकेचा होता. तरी सत्तावीस वर्षे म्हणजे एक पिढी होय.

अहिल्याबाई या याच जिल्ह्यातील चोंडीच्या. त्यांनी परमुलखात घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरूसाठी. त्यांचे नाव धारण करणाऱ्या स्टेशनात बिनराखीव डब्याच्या उतारूस सावली, पिण्याचे पाणी व बायकांस स्वच्छ शौचकूप हवेत. आणि रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्यास गावात नेणारी ठरल्या भाड्याची बस हवी. पहिली मागणी रेल्वेकडे व दुसरी महानगरपालिकेकडे, अशी दोन निवेदने व्यापारी मंडळींनी आपल्या सह्यांनिशी याच महिन्यात धाडावीत.