आकाशगंगेच्या आड

चंदीगडला सेक्टर २२मधल्या एखाद्या उंच गच्चीवर जा. हवा स्वच्छ असेल, तर रात्री कसौलीच्या डोंगरावरचे दिवे लुकलुकताना दिसतात. तेच खाली शास्त्री मार्केटच्या गर्दीत उभे राहा, पुढच्या माणसाच्या डोक्यापलीकडचं काही दिसत नाही. विश्वाकडे पाहताना आपली गत अशीच आहे. आपण आकाशगंगेच्या तबकडीत राहतो. तबकडीच्या वर किंवा खाली पाहिलं की अब्जावधी प्रकाशवर्षांपर्यंत मोकळं, पण तिच्या सपाटीतून पाहिलं की धूळ आणि ताऱ्यांची दाटी. दृश्य प्रकाशात जवळपास एक पंचमांश आकाश असं झाकलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं, की या पट्ट्यात दीर्घिका जवळजवळ नाहीतच!

त्या होत्याच, अर्थात. पण खरी पंचाईत पुढेच आहे. आपली आकाशगंगा आणि तिच्या शेजारणी सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर वेगाने एका दिशेने खेचल्या जातात. १९८०च्या दशकात या ओढीच्या एका मोठ्या उगमाला 'ग्रेट अट्रॅक्टर' नाव पडलं, आणि बोट नेमकं त्या धुळीकडेच गेलं. जिथे पाहायची सर्वात निकड, तिथेच नकाशा कोरा. पुढे पुण्याच्या 'आयुका'चे संचालक झालेल्या सोमक रायचौधुरी यांनी १९८९ साली दाखवलं, की त्याच दिशेला, पण कितीतरी पलीकडे, 'शॅप्ली' नावाचा दीर्घिकांचा महाप्रचंड समूह आहे.

धुळीतून वाट काढली ती हायड्रोजनने. तटस्थ हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. धुळीचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान; एवढ्या लांब लहरीला तो अडवणार कसा? शिवाय दीर्घिका दूर जात असेल तर ही लहर ताणली जाते, आणि किती ताणली यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. म्हणजे दीर्घिका सापडते तेव्हाच नकाशातली तिची खोलीही कळते. मला यातलं सर्वात विलक्षण वाटतं ते हेच.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने या रीतीने पट्ट्याच्या दक्षिण भागात ८८३ दीर्घिका नोंदवल्या. २०१६ साली ही यादी जाहीर झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश कुणी कधीच पाहिलेल्या नव्हत्या. त्याच वर्षी केपटाऊनच्या रेने क्रान-कोर्टेवेग यांच्या गटाने सुमारे ८० कोटी प्रकाशवर्षांवरचा वेला महासमूह पुढे आणला. त्यासाठी मात्र त्यांनी साध्या प्रकाशातच धुळीच्या कडांशी चिकाटीने वर्णपट घेतले. महासमूहाचा मधला भाग तेव्हा झाकलेलाच राहिला.

याच २१ सेंटिमीटरच्या लहरी टिपणाऱ्या ३० अँटेना नारायणगावजवळ खोडदला उभ्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ही 'जीएमआरटी' दुर्बीण सर्वांसाठी खुली असते. मुलांना घेऊन अवश्य जा.