दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या

दिवाळीनंतर डोंबिवलीला नणंदेकडे गेले होते. चहा गाळता गाळता ती म्हणाली, "वहिनी, मी इस्टेट एजंट व्हायचं म्हणतेय. तुम्हाला काय वाटतं?"

प्रश्न मला होता, पण उत्तर सोफ्यावरून आलं. "म्हणजे दलाली!" तिच्या यजमानांनी पेपरातून डोकंही वर न काढता निकाल देऊन टाकला.

ती त्रेचाळीस वर्षांची. अकरा वर्षं एका लॅबमध्ये रिसेप्शनवर होती. लॅब दुसऱ्या कंपनीने घेतली आणि हिच्या हातात हिशेबाचे अडीच लाख ठेवून निरोप दिला. मुलगी बारावीत, घराचा हप्ता चालू. मधल्या काळात तिने शेजारच्या विंगमधल्या एका काकूंना भाडेकरू मिळवून दिला. त्या काकूंनी नको नको म्हणत असताना पाकीट हातात कोंबलं. आत आठ हजार रुपये! तेव्हापासून हा विचार तिच्या डोक्यात घोळत होता.

असा विचार आज अनेक घरांत चालू असेल. नोकरी सुटलेली, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली माणसं, मुलं मोठी झालेल्या गृहिणी, सगळ्यांना हा धंदा सोपा वाटतो. भांडवल नको, पदवी नको. चार ओळखी आणि मोबाइल असला की झालं! शिवाय दोन टक्के दलाली ऐकली की डोळे दिपतात.

आधी त्या शब्दाचं बघू. लग्न जमवणाऱ्या बाईंना आपण "पुण्य लागेल हो तुम्हाला" म्हणतो. घर जमवून देणारा मात्र आपल्या लेखी "बसल्या जागी पैसे खाणारा". या समजाला काही एजंटांनीच हातभार लावला आहे, हे खरं. पण बसल्या जागी हे मात्र मुळीच खरं नाही. नणंदेसाठी म्हणून मी या धंद्यातल्या तिघाचौघांशी बोलले. त्यांतल्या एका गृहस्थांनी आधी स्वतःच्या चपला दाखवल्या, मग हिशेब सांगितला.

साठ लाखांचा जुना फ्लॅट विकला गेला आणि एका बाजूकडून एक टक्का मिळाला, तर साठ हजार. दोन्ही बाजू आपल्याच असतील तर दुप्पट. पण बहुतेक वेळा घेणाऱ्याचा एजंट वेगळा, देणाऱ्याचा वेगळा. एखादी पार्टी हात आखडते आणि मग जे मिळेल ते दोघांत वाटायचं. पहिल्यांदा घर दाखवल्यापासून कर्जमंजुरी, सोसायटीची कागदपत्रं, नोंदणी होईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात आणि पैसे साधारणपणे शेवटी मिळतात. त्याआधी व्यवहार कुठल्याही पायरीवर फिसकटू शकतो. पत्रिका दाखवून घराची दिशा नाकारणारेही असतात. काही जण घर बघून जातात आणि आठ दिवसांनी परस्पर मालकाला गाठतात. तुमचे जिने चढणं फुकट!

बिल्डरच्या नव्या घरांवर टक्केवारी जास्त मिळते. पण तिथे ग्राहकाचे पैसे ठरलेल्या प्रमाणात जमा झाल्याशिवाय तुमचं बिल निघत नाही. "सहा सहा महिने चकरा मारल्यात ताई," ते गृहस्थ म्हणाले.

भाड्याच्या व्यवहारात रक्कम लहान, पण हात लवकर ओले होतात. मुंबई-ठाण्याकडे साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेण्याची रीत आहे. एप्रिल ते जून, शाळा-कॉलेजं सुरू होण्याआधी, फोन खाली ठेवायला फुरसत नसते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याला टोकन दिली जातात. आणि पितृपक्षात? त्या पंधरवड्यात कोणी घराचा विषयही काढत नाही. पगारदार घराला ही भरती-ओहोटी झेपणं फार अवघड. शाळेची फी काही पितृपक्ष बघून येत नाही.

हे सगळं मी नणंदेला सांगितलं. तिने कॅलेंडरचं जुनं पान पालथं केलं आणि आम्ही हिशेब मांडला. तिला स्टेशनजवळ गाळा घ्यायचा होता. अनामत एक लाख, पाटी-फर्निचर-संगणक पन्नास हजार. राहिले एक लाख. गाळ्याचं भाडं बारा हजार, म्हणजे आठ महिन्यांत डबा रिकामा. आणि या आठ महिन्यांत घरखर्चाला एक पैसाही धरलेला नव्हता. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. गाळ्याचा विचार त्याच संध्याकाळी बारगळला.

पण एजंट होण्याचा नाही. मग आम्ही कायद्याकडे वळलो.

पूर्वी पाटी लावली की माणूस एजंट होई. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, हे बदललं. या कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पातलं घर वा प्लॉट विकायला मदत करायची असेल, तर एजंटचीही नोंदणी लागते. नोंदणी न करता व्यवहार केला तर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावं लागतं. एकट्या व्यक्तीला नोंदणीचं शुल्क दहा हजार रुपये, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या वाचकांनी आपापल्या राज्याच्या प्राधिकरणाकडे चौकशी करावी. कायदा केंद्राचा असला तरी शुल्क आणि नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि एका राज्याची नोंदणी दुसरीकडे चालत नाही. जुन्या इमारतींतली भाडी आणि फेरविक्री या नोंदणीच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे नवख्याला सुरुवात तिथून करता येते.

सुरुवात करता येते, पण अडाणीपणे नाही. भाड्याचंच घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा, असं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. ती जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल आणि उद्या भांडण झालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं. "आपल्यातलीच माणसं आहेत, कशाला नोंदणीचा खर्च" म्हणणाऱ्या घरमालकिणीला हे समजावून सांगणं, हे एजंटचं काम. गावाकडच्या जमिनीत तर आणखी खाचखळगे. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सरसकट विकत घेता येत नाही, हे माहीत नसलेले कित्येक शहरवासी ‘फार्महाऊस’ची टोकन देऊन बसतात. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. बोजा, कूळ, बहिणीचा हक्क यांच्या नोंदी तिथे सापडू शकतात. तो रकाना न वाचणाऱ्याने जमिनीच्या वाटेला जाऊ नये.

नणंदेने परीक्षा दिली. मुलगी बारावीची पुस्तकं घेऊन एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला, असं जेवणाच्या टेबलावर दोन महिने चाललं. पास झाली. नोंदणीही झाली. दरम्यान भाड्याचे दोन व्यवहार केले, एक हातचा गेला. रिकाम्या फ्लॅटमध्ये अनोळखी पुरुषाला एकटीने घेऊन जायचं नाही, हा नियम तिने पहिल्या आठवड्यातच केला. वॉचमन सोबत, आणि येणाऱ्याचा नंबर आधी घरी कळवलेला.

आणि मग पहिला मोठा व्यवहार आला.

तिच्या यजमानांच्या ऑफिसातले हेडक्लार्क निवृत्त झाले होते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातात. दुसऱ्या एका एजंटने चाळीस लाखांचा, जवळजवळ पूर्ण झालेल्या इमारतीतला फ्लॅट सुचवला. ही हेडक्लार्कना घेऊन आली तर अर्धी दलाली, म्हणजे चाळीस हजार, हिची. घर मोठं, हवेशीर. काकांच्या पत्नीने तर तुळशीची जागाही ठरवून टाकली.

इमारतीला रेराचा क्रमांक होता. दुसरं कोणी तेवढ्यावर थांबलं असतं. पण डोंबिवलीत राहून ती थांबू शकत नव्हती. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत तुमच्या-माझ्यासारखीच कुटुंबं राहत होती. त्यांनीही क्रमांक बघूनच पैसे भरले होते.

हिने बांधकाम परवानगीची प्रत मागितली. उत्तर आलं, "मिळेल." पुन्हा मागितली. "मॅडम, बँक कर्ज देतेय, तुम्हाला काय अडचण आहे?" चौथ्या दिवशी प्रत आली, पण जावक क्रमांक वाचता येणार नाही अशी पुसट. महापालिकेत जाऊन मूळ नोंद तपासू या, असं म्हटल्यावर त्या एजंटने फोन उचलणंच बंद केलं.

परवानगी खोटी होती का? ते तिला आजही ठाऊक नाही. कदाचित खरीही असेल. पण तिने हेडक्लार्कना सांगितलं, "काका, हा कागद मला तपासता आलेला नाही. तो तपासेपर्यंत टोकन देऊ नका." काका नाराज झाले, काकू जास्तच. पुढच्या महिन्यात त्यांनी बदलापूरला दुसरीकडे घर घेतलं, दुसऱ्याच एजंटकडून. हिला कळवलंही नाही.

त्या रात्री तिने मला फोन केला. "वहिनी, चाळीस हजारांत मुलीच्या प्रवेशाचा मोठा भाग निघाला असता." मी काय बोलणार? या धंद्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हाच प्रसंग डोळ्यांसमोर आणून बघावा, असं मला वाटतं. गोड बोलता येतं का, ओळखी आहेत का, हे प्रश्न नंतरचे. घरात पैशाची निकड असताना समोरच्याला "थांबा, घेऊ नका" म्हणता येईल का? आणि तसं म्हणता यावं म्हणून निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे का? तो नसेल, तर एखाद्या बिल्डरच्या विक्री विभागात वर्षभर पगारावर नोकरी करून धंदा शिकावा. त्यात कमीपणा नाही. एकाच पगारावर दोन हप्ते चालू असणाऱ्यांनी तर नोकरी सोडून यात उडी घेऊच नये.

नणंदेचं सध्या भाड्याच्या घरांवर चाललंय. अडीच लाखांना हात लावलेला नाही. फ्रीजशेजारी खिळ्यांची एक लाकडी पट्टी ठोकली आहे. तिच्यावर सात-आठ किल्ल्या, प्रत्येकीला विंग आणि मजल्याची चिठ्ठी. परवा तिच्या घरी फोन केला तर यजमानांनी उचलला.

"ती बाहेर गेलीय, बी विंगमध्ये. पार्टी आलीय," ते म्हणाले आणि मग आवाज जरा खाली आणून विचारलं, "वहिनी, तुमच्या ओळखीत कोणाला वन बीएचके हवाय का?"