रेकॉर्डर आला, पण घड्याळ गेलं नाही

‘मालिका रेकॉर्डला लावलीय, नंतर बघू.’ घरोघरी सहज बोललं जाणारं हे वाक्य फार जुनं नाही. १९९९ साली अमेरिकेत टिवो आणि रिप्ले टीव्ही हे हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठवणारे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आले. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लसने ही सोय छत्रीवाल्या सेट-टॉप बॉक्समध्येच आणली. आता वाहिन्यांचं वेळापत्रक मोडीत निघणार, जाहिराती संपणार, असं तेव्हा खात्रीने सांगितलं जायचं. त्यातल्या बऱ्याच समजुती अजून टिकून आहेत.

गैरसमज १: रेकॉर्डर म्हणजे कॅसेटऐवजी डिस्क लावलेला व्हीसीआर.

वस्तुस्थिती: व्हीसीआर एका वेळी एकच काम करायचा, टेपवर लिहायचं किंवा टेपवरचं दाखवायचं. डिस्कवर मात्र एका कोपऱ्यात लिहिणं आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं वाचणं एकाच वेळी चालतं. म्हणून थेट प्रक्षेपण ‘पॉज’ करता येतं. दारावरची बेल वाजली की तुम्ही बटण दाबून उठता, वाहिनी मागे डिस्कवर लिहिली जात राहते आणि परत आल्यावर तुम्ही बाकीच्यांपेक्षा पाच मिनिटं मागून तेच बघता. उपग्रहावरून आलेला डिजिटल प्रवाह आहे तसाच साठवला जात असल्यामुळे चित्राचा दर्जाही घसरत नाही. सेकंदाला दोन मेगाबिटची साधी वाहिनी तासाला सुमारे एक जीबी जागा खाते, आठ मेगाबिटची एचडी वाहिनी साडेतीन. डिस्क इतक्या लवकर कशी भरली, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

व्हीसीआरला वेळ सांगावी लागे, रेकॉर्डरला मालिकेचं नाव सांगितलं की पुरतं. पण बॉक्स चालतो तो कार्यक्रम-सूचीतल्या वेळेवरच. सामना लांबला तर रेकॉर्डिंग सूचीतल्या वेळेला थांबतं आणि नेमकं शेवटचं षटक हुकतं. म्हणूनच मुरलेला प्रेक्षक सामन्यानंतरचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावून ठेवतो.

गैरसमज २: रेकॉर्डर असलेल्या घरात ठरल्या वेळी कोणी टीव्ही बघत नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या मोजण्या वेगळंच सांगत आल्या. रेकॉर्डर असलेल्या घरांतही बहुतांश टीव्ही ज्या त्या वेळीच पाहिला जात होता. साठवलेल्यातलंही जे पाहिलं गेलं, ते बरंचसं पहिल्या तीन दिवसांत. त्यानंतर मागे पडलेले भाग नव्या भागांखाली दबत जातात. याचं कारण माणसांत आहे. कालच्या भागात काय झालं हे शेजारी, सहकारी आणि मोबाइल आधीच सांगून टाकतात. मग उत्सुकता उरत नाही आणि भाग डिस्कवर पडून राहतो.

गैरसमज ३: जाहिराती पळवल्या की त्या वाया गेल्या.

वस्तुस्थिती: ही भीती वाहिन्यांनाही होती. २००१ मध्ये रिप्ले टीव्हीच्या एका मॉडेलने जाहिराती आपोआप गाळायला सुरुवात केली, तेव्हा बड्या स्टुडिओंनी आणि वाहिन्यांनी ते बनवणाऱ्या सॉनिकब्लू कंपनीला कोर्टात खेचलं. २००३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मात्र संशोधकांच्या हाती निराळं चित्र आलं. ब्रासेल आणि गिप्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रेक्षकांच्या नजरेचा माग काढला. फॉरवर्ड करताना कार्यक्रम कुठे सुरू होतो हे हुकू नये म्हणून नजर पडद्याच्या मधोमध खिळते, त्यामुळे तिथे ठेवलेलं ब्रँडचं चिन्ह पळत्या चित्रातही लक्षात राहतं. ब्रॉनेनबर्ग, दुबे आणि मेला यांनी २०१० मध्ये टिवो असलेल्या आणि नसलेल्या कुटुंबांच्या खरेदीची तुलना मांडली. जाहिरात होणाऱ्या मालाच्या खरेदीत त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

केएफसीने तर २००६ मध्ये या यंत्राचाच फायदा उठवला. त्यांच्या जाहिरातीत एक सांकेतिक शब्द दडवला होता. जाहिरात रेकॉर्ड करून एकेक चित्र पुढे सरकवलं तरच तो दिसायचा आणि तो कळवणाऱ्याला कूपन मिळायचं.

भारतात नियमाने तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. म्हणजे नऊचा तासाभराचा कार्यक्रम नऊ वाजून बारा मिनिटांनी लावला आणि जाहिराती पळवत गेलं, तर दहाच्या ठोक्याला सगळ्यांबरोबरच तो संपतो. जाहिरातदारांनीही हे हिशेब ओळखले आहेत. पडद्याच्या कडेने पसरणारा एल-बँड किंवा सासूबाईंच्या हातातलं अमुकच कंपनीचं मसाल्याचं पाकीट कसं पळवणार?

गैरसमज ४: नंतर पाहिलेलं टीआरपीत धरत नाहीत आणि घरच्या बॉक्समधलं कोणाला कळत नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेत २००७ पासून जाहिरातींचे दर ‘सी-थ्री’ या आकड्यावर ठरू लागले. त्यात प्रसारणाच्या वेळचे आणि पुढच्या तीन दिवसांत नंतर बघणारेही धरतात, मात्र जाहिरात नेहमीच्या गतीने पाहिलेली असली तरच. आपल्याकडे टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचं मीटर वाहिनीच्या आवाजात मिसळलेल्या, कानाला न कळणाऱ्या खुणेवरून ती ओळखतं. फॉरवर्ड करताना आवाजच नसतो, तेव्हा पळवलेली जाहिरात तिथे कशी नोंदली जाणार?

आणि इंटरनेटला किंवा फोनच्या तारेला जोडलेला बॉक्स मुका नसतो. २००४ च्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यातला गायिका जॅनेट जॅक्सनचा वादग्रस्त क्षण आपण मोजलेल्यांत सर्वाधिक वेळा मागे नेऊन पाहिला गेला, असं टिवोने जाहीर केलं. आकडे निनावी होते, तरी आपण रिमोट कधी दाबतो याची नोंद होते हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

गैरसमज ५: घरी रेकॉर्ड करणं बेकायदा आहे, किंवा एकदा केलेलं कायमचं आपलं.

वस्तुस्थिती: दोन्ही खरं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं रास्त वापरात बसतं असा निकाल दिला, तोही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. भारताच्या प्रताधिकार कायद्यातलं कलम ३९ खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मोकळीक देतं. त्याच्या प्रती विकायला नाही. शिवाय डीटीएच बॉक्समधलं रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असतं, त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बदलला की संग्रह गेला.

गैरसमज ६: नंतर बघता येतं म्हटल्यावर थेट प्रक्षेपणाची किंमत घटली.

वस्तुस्थिती: उलट वाढली. मालिका उद्यावर ढकलता येते, सामना नाही. निकाल कळल्यावर तो बघण्यात राम राहत नाही. जाहिराती न पळवता बसून राहणारा प्रेक्षक आता प्रामुख्याने इथेच भेटतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यात भारतीय उपखंडातल्या नुसत्या टीव्हीचे २३,५७५ कोटी होते.

आज ओटीटीमुळे रेकॉर्डरचे बॉक्स मागे पडत आहेत. त्यांनी लावलेल्या सवयी मात्र राहिल्या: थांबवणं, मागे नेणं, एका बैठकीत चार भाग संपवणं. फरक मालकीचा आहे. डिस्क घरात होती तोवर जाहिरात पळवायची की बघायची हे प्रेक्षक ठरवत होता. आता तोच भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि स्वस्त वर्गणीवाल्याच्या रिमोटवर फॉरवर्डचं बटण जाहिरात संपेपर्यंत चालत नाही.