कायदा होण्यापूर्वी : विधेयकाचे पुरःस्थापन आणि समितीची छाननी

‘बिल’ हा शब्द व्यापाऱ्याच्या तोंडी दिवसातून शंभर वेळा येतो. मालाचे बिल, हमालीचे बिल, विजेचे बिल. बिलावाचून आपला एक व्यवहार पुरा होत नाही. परंतु या सर्व बिलांचे दर, त्यांवरील कर आणि ती जपून ठेवण्याची मुदतसुद्धा जे ठरविते, ते विधिमंडळातील ‘बिल’, म्हणजे विधेयक, मात्र आपल्या ध्यानीमनी नसते. कायदा राजपत्रात प्रसिद्ध होतो, खात्याचे परिपत्रक हाती पडते, क्वचित तपासनीस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो; तेव्हा कोठे आपणास जाग येते. मग सभा भरतात, ठराव होतात, शिष्टमंडळे निघतात. हे सर्व योग्यच; पण उशिराचे होय. पक्क्या वहीत चढलेली रक्कम खोडणे जितके अवघड, तितकेच संमत झालेला कायदा बदलून घेणे अवघड. दुरुस्तीची खरी वेळ कच्च्या वहीची असते. विधेयकाची ही कच्ची वही कोठे आणि कशी तपासली जाते, हे सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. मंत्री मांडतो ते सरकारी विधेयक आणि मंत्री नसलेला सदस्य मांडतो ते खासगी विधेयक. विषयानुसार पाहिल्यास सामान्य विधेयक, धन विधेयक आणि घटनादुरुस्ती विधेयक असे मुख्य प्रकार पडतात. केवळ कर, सरकारी कर्ज, संचित निधीतील खर्च अशा बाबींपुरते असते ते धन विधेयक. त्याची व्याख्या राज्यघटनेच्या ११०व्या अनुच्छेदात दिली आहे. ते लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेने त्यावर चौदा दिवसांत शिफारशी करावयाच्या आणि त्या स्वीकारणे वा न स्वीकारणे हे लोकसभेच्या हाती असते.

सरकारी विधेयकाचा जन्म संबंधित मंत्रालयात होतो. विधी मंत्रालयाकडून भाषा तपासून घेतल्यावर मंत्रिमंडळाची मान्यता मिळते आणि मग ते सभागृहाकडे येते. असा मसुदा अगोदरच किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवावा, असे धोरण केंद्र सरकारने २०१४ साली आखले आहे. परंतु ते धोरण आहे, कायद्याचे बंधन नव्हे. त्यामुळे दर वेळी ते पाळले जाईलच अशा भरवशावर व्यापाऱ्याने राहू नये.

सभागृहातील पहिली पायरी म्हणजे पुरःस्थापन. विधेयक मांडण्यास सभागृहाची अनुमती मागितली जाते. बहुधा ती विनाविरोध मिळते. कोणी विरोध केलाच, तर दोन्ही बाजूंना थोडक्यात बोलण्याची मुभा अध्यक्ष देतात. मात्र असा कायदा करण्याचा अधिकारच या सभागृहास नाही, असा आक्षेप असेल तर पूर्ण चर्चाही होऊ शकते. अनुमती मिळाली की विधेयक मांडले जाते व भारताच्या राजपत्रात छापले जाते. यास पहिले वाचन म्हणतात. या वेळी गुणदोषांची चर्चा होत नाही. विधेयक आता सार्वजनिक झाले, कोणाही नागरिकाने ते वाचावे, एवढाच या पायरीचा अर्थ.

हे वाचताना नुसत्या कलमांवर नजर फिरवून भागत नाही. विधेयकास सोबत काही पुरवण्या असतात. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ हा कायदा कशासाठी करावयाचा ते सांगते. वित्तीय ज्ञापनात सरकारी तिजोरीवर पडणारा भार असतो. तिसरी पुरवणी व्यापाऱ्यास सर्वांत महत्त्वाची : नियम करण्याचा जो अधिकार संसद सरकारकडे सोपविते, त्याविषयीचे ज्ञापन. एखाद्या कलमात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असे शब्द दिसले की समजावे, या ठिकाणचा तपशील पुढे सरकारी खाते ठरविणार. नोंदवही कोणती ठेवावी, नमुना कोणता भरावा, फी किती द्यावी, हे सारे पुष्कळदा त्या चार शब्दांत दडलेले असते.

यानंतर दुसरे वाचन. येथे सभागृहापुढे चार वाटा असतात. विधेयक लगेच विचारात घ्यावे; ते त्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे द्यावे; दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे द्यावे; किंवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करावे. धन विधेयक संयुक्त समितीकडे पाठविता येत नाही, हा नियम आहे. यांखेरीज आणखी एक वाट १९९३ साली निघाली. त्या वर्षी मंत्रालयांच्या विषयवार विभागणीनुसार सतरा स्थायी समित्या स्थापन झाल्या; २००४ साली त्यांची संख्या चोवीस झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा असे एकतीस सदस्य असतात. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. मांडलेले विधेयक लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती अशा समितीकडे सोपवू शकतात. आपल्या करांचा व कंपनी कायद्याचा विषय बहुतेक वेळा वित्तविषयक स्थायी समितीकडे जातो.

प्रवर अथवा संयुक्त समिती ही एकाच विधेयकापुरती नेमलेली असते. अहवाल दिला की तिचे काम संपते. ती विधेयकाच्या मजकुरातच दुरुस्त्या करून सुधारलेले विधेयक सभागृहास सादर करू शकते. स्थायी समिती ही कायम स्वरूपाची असून तिची पुनर्रचना दरवर्षी होते. तिचा अहवाल मात्र सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो. कोणत्याही समितीची शिफारस सभागृहावर बंधनकारक नसते. तरीही बारकाईने तपासून लिहिलेला अहवाल बाजूस सारणे सरकारला सोपे जात नाही, हा अनुभव आहे.

समितीचे काम भरलेल्या सभागृहाच्या गडबडीपासून दूर, बंद दालनात चालते. प्रेक्षकांची गॅलरी तेथे नसते; म्हणून टाळ्यांसाठी बोलण्याचे कारण उरत नाही. प्रथम मंत्रालयाचे अधिकारी विधेयक समजावून देतात. मग वृत्तपत्रांतून निवेदने मागविली जातात. तज्ज्ञ, संस्था, व्यापारी मंडळे यांच्या साक्षी होतात. त्यानंतर एकेक खंड घेऊन शब्दशः विचार होतो. शेवटी अहवाल तयार होतो आणि ज्या सदस्यांना तो मान्य नसेल, ते आपले भिन्न मत लेखी जोडतात. अनेकांताची शिकवण ज्यांना घरातच मिळाली आहे, त्यांना या पद्धतीचे मर्म निराळे सांगावयास नको. वस्तूचे अनेक धर्म एका दृष्टीस दिसत नाहीत. तद्वतच कायद्याचे सर्व परिणाम एका मंत्रालयास दिसत नाहीत.

आता या छाननीने प्रत्यक्ष काय साधते, ते आपल्या व्यवहारातील उदाहरणांनी पाहू.

१९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारे नवे आयकर विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि लोकसभेच्या एकतीस सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. मूळ मसुद्यातील एका तरतुदीचा परिणाम असा होता की, विवरणपत्र मुदतीनंतर भरणाऱ्यास जादा कापल्या गेलेल्या कराचा परतावा मिळण्यास अडचण आली असती. आजारपण, हिशेबनिसाची गैरहजेरी, भागीदारांतील वाद अशा कारणांनी विवरणपत्र लांबलेल्या लहान दुकानदारास ही तरतूद किती जाचली असती, ते सांगणे नलगे. समितीने ती काढून टाकण्याची शिफारस केली. २१ जुलै रोजी अहवाल सादर झाला. सरकारने मूळ विधेयक ८ ऑगस्टला मागे घेतले आणि बहुतेक शिफारशी समाविष्ट केलेले नवे विधेयक ११ ऑगस्टला मांडले. त्यात ती अडचणीची तरतूद राहिली नव्हती. मांडले त्याच दिवशी ते लोकसभेत संमत झाले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेतून परत आले आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. सभागृहातील चर्चा थोडक्यात आटोपली. खरे काम त्यापूर्वीच्या पाच महिन्यांत समितीच्या दालनात झाले होते.

दुसरे उदाहरण वस्तू व सेवा कराचे. त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक प्रथम मार्च २०११ मध्ये मांडले गेले व वित्तविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीचा अहवाल ऑगस्ट २०१३ मध्ये आला. परंतु पुढे २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्यापुढे प्रलंबित असलेले विधेयक तिच्याबरोबरच व्यपगत झाले. नवे विधेयक डिसेंबर २०१४ मध्ये मांडले गेले. ६ मे २०१५ रोजी लोकसभेने ते संमत केले. राज्यसभेने मात्र ते आपल्या प्रवर समितीकडे पाठविले. त्या मसुद्यात आंतरराज्य मालपुरवठ्यावर एक टक्का जादा कराची तरतूद होती. आपल्यासारख्या सीमाभागातील व्यापाऱ्यास तिचा अर्थ तत्काळ कळावा : एकाच पेढीचा माल बेळगावच्या वखारीतून कोल्हापूरच्या दुकानात नेला, विक्री झालेली नाही, तरीही कर! मोबदला घेऊन केलेल्या पुरवठ्यापुरताच हा कर असावा, अशी शिफारस समितीने जुलै २०१५ मध्ये केली; आणि ऑगस्ट २०१६ मध्ये विधेयक संमत होताना ही एक टक्क्याची तरतूदच वगळण्यात आली. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या करपद्धतीत ती नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्या बाजारपेठेस परिचित आहे. शेतमालाच्या व्यापाराविषयीचे अध्यादेश जून २०२० मध्ये निघाले. त्यांची जागा घेणारी विधेयके १४ सप्टेंबरला लोकसभेत मांडली गेली. त्यांपैकी व्यापार व करार यांविषयीची दोन १७ तारखेस तेथे व २० तारखेस राज्यसभेत संमत झाली. ती प्रवर समितीकडे पाठवावीत, ही विरोधी सदस्यांची मागणी मान्य झाली नाही. त्या कायद्यांचे गुणदोष हा येथे विषय नाही. त्यांविषयी आपल्या सभासदांतही दोन मते होती. परंतु अडतदार, शेतकरी आणि बाजार समित्या यांचे म्हणणे समितीपुढे ऐकले गेले नाही, ते पुढे रस्त्यावर ऐकू आले. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते कायदेच रद्द केले. समितीत गेलेला वेळ वाया जातो असे मानणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

चिंतेची गोष्ट ही की, समितीकडे जाणाऱ्या विधेयकांचे प्रमाण घटले आहे. २००९ ते २०१४ च्या पंधराव्या लोकसभेच्या काळात ते सुमारे ७१ टक्के होते. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेच्या काळात सुमारे १६ टक्क्यांवर आले. म्हणून जी विधेयके समितीकडे जातात, त्यांच्या बाबतीत तरी आपण गाफील राहणे परवडणारे नाही.

राज्यांतही मुख्य पायऱ्या अशाच आहेत. कर्नाटक, महाराष्ट्र व तेलंगण येथे विधानसभा व विधान परिषद अशी दोन सभागृहे आहेत. गोवा, गुजरात व मध्य प्रदेश येथे विधानसभा हे एकच. बाजार समित्या, जमीन व स्थानिक कर हे आपल्या नित्याचे विषय प्रामुख्याने राज्याकडे आहेत. कर्नाटकाच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ऑक्टोबर २०१२ मध्ये बेळगावातच झाले व अधिवेशने तेथे भरतात. दाराशी येणाऱ्या या संधीचा आपण किती उपयोग करतो, याचा प्रत्येकाने विचार करावा. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसास हे क्षेत्र परके आहे, असेही नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म १८८८ साली वडोदरे येथील. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. सभागृहाच्या अनेक प्रथांची घडी १९५२ ते १९५६ या काळात त्यांच्याच हातून बसली.

आता निवेदनाविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी. समितीची सूचना प्रसिद्ध होताच तीत दिलेली मुदत पाहावी. ती पुष्कळदा थोड्या दिवसांचीच असते. संसदीय समितीकडील निवेदन हिंदीत वा इंग्रजीत द्यावे. खंडाचा क्रमांक, आक्षेप, त्याचे कारण आणि त्याऐवजी सुचविलेले शब्द, या क्रमाने लिहावे. ‘हा कायदा अन्यायकारक आहे’ या वाक्याने समितीच्या हाती काही लागत नाही. ‘अमुक खंडातील पंधरा दिवसांची मुदत तीस करावी, कारण अमुक’ या वाक्याने लागते. अंकांचा आधार द्यावयाचा तो आपल्या वह्यांतील खऱ्या अंकांचाच द्यावा. फुगविलेला अंक एकदा उघडा पडला की खरे बोलणेही पडते. तोंडी साक्ष द्यावयाची असल्यास तसे निवेदनातच कळवावे. आणि एक पथ्य अवश्य पाळावे : समितीस दिलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग होते व गोपनीय मानले जाते, ते वृत्तपत्रांत देणे अथवा वाटणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो.

हे काम एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातील नाही. संघटनेच्या मात्र आहे. हिशेब जाणणारा एक, कायदा जाणणारा एक आणि प्रत्यक्ष गल्ल्यावर बसणारे तीन, अशी पाच जणांची कायदा उपसमिती आपल्या संस्थेने नेमावी. प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी मांडावयाच्या विधेयकांची यादी प्रसिद्ध होते. ती उपसमितीने पाहावी, आपल्याशी संबंधित विधेयके निवडून त्यांचा मराठी सारांश सभासदांस पाठवावा, सूचना गोळा कराव्यात आणि मुदतीच्या आत निवेदन रवाना करावे. आपल्या घरातील शिकलेल्या मुला-मुलींना हे काम विशेष साधेल. यास फार खर्च नाही. लागते ती केवळ नियमितता, आणि रोजच्या रोज रोजकीर्द लिहिणाऱ्या समाजास ती नव्याने शिकवावी लागणार नाही.

आपण मागू ते सर्व मिळेल असे नाही. आपल्याप्रमाणेच ग्राहकाचे, कामगाराचे आणि शेतकऱ्याचे म्हणणेही समितीपुढे असते, व ते असलेच पाहिजे. परंतु जेथे सर्वांचे ऐकले जाते, तेथे आपली जागा रिकामी राहिली, तर तो दोष विधिमंडळाचा नसून आपला ठरेल.