अतिनील प्रकाशातून कणांच्या ऊर्जेचा माग

ध्रुवीय प्रकाश ही पृथ्वीच्या चुंबकावरणातून वातावरणात कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या माऱ्याची खूण होय; परंतु हे कण किती आणि किती ऊर्जेचे आहेत, हे केवळ त्याच्या तेजावरून ठरत नाही. कमी उंचीच्या कक्षेत फिरणारे उपग्रह असे कण प्रत्यक्ष मोजतात खरे, मात्र ती माहिती त्यांच्या मार्गापुरतीच मर्यादित राहते. संपूर्ण ध्रुवीय पट्टा एकाच वेळी पाहायचा, तर त्याची प्रतिमा दुरून घ्यावी लागते, आणि त्यासाठी अतिनील किरणे सोयीची ठरतात, कारण हवेतील ऑक्सिजन ती शोषून घेत असल्याने जमिनीवरून व ढगांवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश प्रतिमेत मिसळत नाही.

नासाने १९९६ साली सोडलेल्या ‘पोलर’ उपग्रहावरील अतिनील कॅमेरा नायट्रोजन रेणूंचा ‘लायमन-बर्ज-हॉपफिल्ड’ नावाचा पट्टेदार प्रकाश दोन भागांत टिपत असे: सुमारे १४० ते १६० नॅनोमीटर तरंगलांबीचा आखूड भाग आणि १६० ते १८० नॅनोमीटरचा लांब भाग. सुमारे १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन दीडशे किलोमीटरच्या आसपास आपली बहुतेक ऊर्जा गमावतो, तर १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन शंभर ते एकशेदहा किलोमीटरपर्यंत खाली उतरतो. जितक्या खोलवर प्रकाश निर्माण होतो, तितका अधिक ऑक्सिजन ओलांडून तो उपग्रहापर्यंत येतो, आणि या प्रवासात आखूड भाग बराच शोषला जातो, तर लांब भागाला फारशी झळ लागत नाही. म्हणूनच लांब भागाच्या तेजावरून एकूण ऊर्जाप्रवाह काढता येतो, तर दोन्ही भागांच्या गुणोत्तरावरून इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा. जे शोषण एरवी अडथळा ठरले असते, तेच येथे मोजमापाचे साधन बनते.

हे अनुमान वातावरणाच्या प्रारूपावर आणि इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-वाटपाविषयीच्या गृहीतकावर उभे असते; शिवाय सूर्यप्रकाशाने उजळलेल्या भागात दिवसाची हवाई दीप्ती आधी वजा करावी लागते. प्रोटॉनांच्या माऱ्यानेही नायट्रोजन उजळतो, त्यामुळे तो सगळा प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या खाती मांडल्यास हिशेब चुकतो. २००० साली सोडलेल्या ‘इमेज’ उपग्रहाने त्यावर उपाय शोधला: वातावरणात शिरणारे प्रोटॉन वाटेत इलेक्ट्रॉन मिळवून वेगवान हायड्रोजन अणू बनतात, आणि त्यांच्या वेगामुळे सरकलेला १२१.६ नॅनोमीटरजवळचा प्रकाश स्वतंत्रपणे टिपता येतो.

अशा नकाशांवरून आयनांबराची विद्युतवाहकता आणि पर्यायाने चुंबकीय वादळात वरच्या वातावरणाला मिळणारी उष्णता काढता येते. या उष्णतेने वातावरण फुगून खालच्या कक्षांतील उपग्रहांवरचा हवेचा रोध वाढतो, म्हणून त्यांच्या कक्षांचे भाकीत अचूक असावे यासाठी कणांच्या माऱ्याचा हा अंदाज मोलाचा ठरतो.